कंगालांचा शड्डू : नबारुण भट्टाचार्य यांचे अनायक आणि त्यांची चित्रपटरूपे

'अँटिहीरो' या संज्ञेला मराठीत अद्याप सर्वमान्य पर्याय मिळालेला नाही. 'प्रतिनायक' हा शब्द काहींनी वापरला आहे. परंतु तो आधीच गुंतलेला आहे. धनंजयाच्या 'दशरूपका'त प्रतिनायक म्हणजे नायकाचा शत्रू : लोभी, उद्धत, हट्टी, पापाचरणी, रामासमोरचा रावण, युधिष्ठिरासमोरचा दुर्योधन. आधुनिक साहित्यात ज्याच्याविषयी बोलावयाचे आहे तो माणूस असा नव्हे. तो कुणासमोर उभा राहत नाही. कथेच्या ऐन मध्यभागी, नायकाच्या रिकाम्या जागेवर येऊन बसतो, आणि त्या जागेला शोभणारा एकही गुण त्याच्या अंगी नसतो. त्याला कुल नाही, ध्येय नाही, संयम नाही. पुष्कळदा धड नावही नसते. प्रस्तुत विवेचनात त्याला 'अनायक' म्हटले आहे.

अनायकाचे चित्रपटात काय होते, हा प्रश्न अलीकडे मुख्यतः अमेरिकन चित्रकथांच्या संदर्भात विचारला जातो. तो कलकत्त्याच्या संदर्भात विचारला तर अधिक फलदायी उत्तर मिळते, असे मानण्यास जागा आहे. कारण या शहराने विसाव्या शतकाच्या अखेरीस असे काही अनायक निर्माण केले की ज्यांचे शरीर जणू चित्रकथेतून आले आहे आणि ज्यांची भाषा गल्लीतून, कचेरीतून व जुन्या बंगाली गद्यातून एकाच वेळी आली आहे. नबारुण भट्टाचार्य (१९४८–२०१४) यांचे 'फ्याताडू' हे ते अनायक होत.

फ्याताडू उडतात. ही एवढी एकच अलौकिक शक्ती त्यांच्यापाशी आहे. एक ध्वन्यनुकारी, अर्थहीन मंत्र पुटपुटला की त्यांचे पाय जमिनीवरून सुटतात. १९३८ साली अमेरिकन चित्रकथेत सुपरमॅन अवतरल्यापासून असामान्य शक्तीचा अर्थ वाचकाच्या मनात ठरून गेला आहे : ज्याला ती लाभली त्याने पडणाऱ्याला झेलावे, बुडणाऱ्याला वाचवावे, शहराचे रक्षण करावे. बंगाली बालवाचकाला तर परक्या चित्रकथेची गरजही नव्हती. नारायण देबनाथ (१९२५–२०२२) यांचा 'बांटुल दि ग्रेट' १९६५ पासून 'शुकतारा' मासिकात छाती फुगवून उभा होता. बंदुकीच्या गोळ्या त्याच्या अंगावरून परत फिरत. फ्याताडू ही सारी व्यवस्था उलटी करतात. ते आकाशात जातात ते कुणाला वाचवण्यासाठी नव्हे. श्रीमंतांच्या मेजवानीवर, साहित्यिकांच्या संमेलनावर, फॅशनच्या प्रदर्शनावर वरून घाण, कचरा, मोडकेतोडके सामान टाकणे आणि पळून जाणे एवढाच त्यांचा कार्यक्रम. हातात सत्ता यावी असे त्यांना वाटत नाही. सत्तेची आणि प्रतिष्ठेची बैठक विस्कटली म्हणजे झाले.

त्यांच्यातील तिघे ठळक आहेत. मदन खोटे दात खिशात घेऊन फिरतो. डी. एस. हा काळा, बुटका, लठ्ठ. त्याचे नावच एका व्हिस्कीच्या छापावरून आलेले. तिसरा पुरंदर भाट हा कवी आहे, आणि त्याच्या कविता अशा आहेत की कुठलेही प्रतिष्ठित नियतकालिक त्या छापणार नाही. या तिघांना भूतकाळ असा फारसा दिलेला नाही. त्यांचे बालपण, त्यांच्यावर झालेला अन्याय, त्यांच्या मनातील जखम यांविषयी लेखक बोलत नाही. चित्रकथेतील पात्राप्रमाणे ते एका रेषेत पूर्ण होतात. रेषेच्या आत मानसशास्त्र नाही. ही उणीव नव्हे. जखम दाखवली की वाचक क्षमा करतो, आणि क्षमा केलेला फ्याताडू हा फ्याताडू उरत नाही.

नबारुण हे नाटककार बिजन भट्टाचार्य आणि कादंबरीकार महाश्वेता देवी यांचे पुत्र, हे मराठी वाचकाला ठाऊक असते. बहुधा त्याच्या पलीकडे फारसे ठाऊक नसते. मराठीत महाश्वेता देवी भरपूर वाचल्या गेल्या, मुलगा मात्र फार थोड्यांनी वाचला. याचे कारण भाषेत आहे. त्यांचे गद्य साधुभाषेचा जुना डौल, सरकारी परिपत्रकाचा कोरडेपणा, जाहिरातीची लाडीगोडी आणि नाक्यावरच्या शिव्या यांना एकाच वाक्यात बांधते. त्यातला निवेदक वाचकाला थेट हाक मारतो, त्याची टर उडवतो, बंगाली साहित्यातील मान्यवरांना चिमटे काढतो, मग एकदम गंभीर होतो. मराठीत याला नेमका समांतर लेखक नाही. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने (१९७२) जी भाषा कवितेत आणली तिची धग, आणि जुन्या वगातील सोंगाड्याचा मोकाट हजरजबाबीपणा, ही दोन एकत्र कल्पिली तर काहीसा अंदाज येईल. परंतु ढसाळांच्या भाषेमागे भोगलेल्या आयुष्याचा दाह आहे. नबारुण यांच्या भाषेमागे अभिजनांच्या घरात वाढलेल्या माणसाने त्या घरावर आतून केलेली चढाई आहे. हा फरक पुसून चालणार नाही.

हा अनायक एकाएकी आकाशातून पडलेला नाही. कालीप्रसन्न सिंह यांच्या 'हुतोम प्याँचार नक्शा'पासून (१८६२) कलकत्त्याच्या बाबूंची रेवडी उडवणारे गद्य बंगालीत आहे. परशुराम या टोपणनावाने लिहिणाऱ्या राजशेखर बसूंच्या विनोदी कथांत भोंदू, लबाड, तोंडाळ माणसांची रांग आहे. आणि यतींद्रकुमार सेन यांच्या चित्रांसह त्या प्रसिद्ध झाल्यामुळे ती माणसे वाचकाने वाचण्याबरोबर पाहिलेलीही आहेत. सत्यजित राय यांनी 'परश पाथर' (१९५८) आणि 'महापुरुष' (१९६५) हे दोन चित्रपट परशुरामांच्या कथांवर केले. 'महापुरुष'मधील बिरिंचीबाबा हा भोंदू साधू आपण सर्व युगांत वावरल्याचे सांगतो, सुशिक्षितांना झुलवतो आणि पितळ उघडे पडताच पसार होतो. राय त्याच्याकडे मिस्किलपणे पण बाहेरून पाहतात. कॅमेरा शहाण्यांच्या बाजूने उभा आहे. प्रेक्षक हसतो तो शहाण्यांच्या कळपात सुरक्षित बसून. अनायकाला चित्रपटात आणण्याचा हा सर्वांत सभ्य मार्ग होय, आणि तो राय यांच्यासारख्याच्या हातात असला म्हणजे आनंददायकही असतो. फ्याताडूंना मात्र तो लागू पडत नाही. तेथे शहाण्यांचा कळपच लक्ष्य आहे.

दुसरी एक परंपरा रंगभूमीची आहे. १९७७ साली अरुण मुखोपाध्याय यांनी 'चेतना' या नाट्यसंस्थेतर्फे 'जगन्नाथ' हे नाटक केले. ते चिनी लेखक लू शुन यांच्या 'आ क्यू'च्या कथेवर आधारलेले होते. आ क्यू मार खातो आणि मनातल्या मनात जिंकतो; पराभवाला विजय समजण्याची त्याची कला हा त्याचा रोग आहे. जगन्नाथने त्या रोगाला बंगाली देह दिला. याच अरुण मुखोपाध्यायांचे पुत्र सुमन मुखोपाध्याय यांनी पुढे नबारुण यांना चित्रपटात आणले. बापाने ज्या अनायकाला रंगमंचावर उभे केले तो स्वप्नात जिंकत होता. मुलाच्या वाट्याला आलेले अनायक खरोखरीच काहीतरी फेकून मारतात. अठ्ठावीस-तीस वर्षांत बंगाली अनायकाने एवढी मजल मारली, असे गमतीने म्हणता येईल.

सुमन मुखोपाध्याय यांनी नबारुण यांच्या साहित्यावर तीन चित्रपट केले : 'हार्बर्ट' (२००५), तीन कथांवरचा 'महानगर@कोलकाता' (२०१०) आणि 'कांगाल मालसाट' (२०१३). मधला येथे बाजूला ठेवू. पहिला आणि तिसरा हे एकाच दिग्दर्शकाचे, एकाच लेखकावरचे, आणि तरीही अनायकाला हाताळण्याच्या दोन अगदी भिन्न रीती दाखवणारे आहेत.

'हार्बर्ट' ही कादंबरी १९९३ची. तिला १९९७चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. हार्बर्ट सरकार फ्याताडू नाही. तो उडत नाही, गच्चीवर बसून आकाशाकडे पाहतो. आईबाप लहानपणी गेले. नातेवाइकांच्या घरात तो आश्रितासारखा, उपेक्षित वाढला. त्याचा पुतण्या बिनू नक्षलवादी चळवळीत मारला जातो. मरताना बिनूने सांगितलेल्या एका गोष्टीचा दुवा पुढे कैक वर्षांनी हार्बर्टच्या मनात जागा होतो, आणि स्वप्नात दृष्टांत झाला अशा समजुतीने तो मृतांशी संभाषण करून देण्याचा धंदा सुरू करतो. धंदा चालतो. मग बुद्धिवादी संघटनेचे लोक येतात, त्याला लबाड ठरवतात, तुरुंगाची भीती घालतात. हार्बर्ट आत्महत्या करतो. त्याचे प्रेत गादीसकट विद्युतदाहिनीत लोटले जाते आणि दाहिनी फुटते. बिनूने त्या गादीत कधीकाळी स्फोटके लपवून ठेवली होती. कुणालाच, खुद्द हार्बर्टलाही, याची कल्पना नव्हती. शासनयंत्रणा या स्फोटाचा अर्थ लावत बसते.

या कथानकात करुणेला भरपूर वाव आहे, आणि चित्रपटाने तो घेतला. हार्बर्टची भूमिका सुभाशिष मुखोपाध्याय यांनी केली. बंगाली प्रेक्षक या नटाला लोकप्रिय चित्रपटांतील विनोदी भूमिकांमुळे ओळखत होता. त्याच चेहऱ्यावर हार्बर्टचे हरवलेपण आले तेव्हा प्रेक्षकाचे सवयीचे हसू मध्येच अडले. ही पात्रनिवड म्हणजेच एक प्रकारची टीका आहे. कादंबरीतला निवेदक वाचकाला जसे हसता हसता अडवतो, तसे येथे नटाच्या पूर्वायुष्याने प्रेक्षकाला अडवले. निवेदकाचा आवाज चित्रपटात जसाच्या तसा आणता येत नाही, पण त्याचे काम दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवता येते, हे रूपांतरकाराने येथे ओळखले आहे.

दुसरी योजना अधिक धाडसी. हार्बर्टचा बाप ललितकुमार हा चित्रपटव्यवसायातला माणूस. चित्रपटात तो आणि हार्बर्टची आई मृत्यूनंतरही उपस्थित राहतात. बापाच्या हाती कॅमेरा आहे आणि मुलाचे आयुष्य हे जणू त्याच्या चित्रीकरणाचा विषय आहे. कालक्रम मोडलेला आहे : एकोणीसशे सत्तरचे दशक आणि १९९२ हे एकमेकांत शिरतात. त्यामुळे हार्बर्ट मृतांशी बोलतो की मृत हार्बर्टकडे पाहतात हे अनिश्चित राहते. लबाड कोण, हा बुद्धिवाद्यांचा प्रश्नच चित्रपट निरर्थक करून टाकतो.

तरीही एक किंमत मोजावी लागली. पुस्तकातील हार्बर्ट किळसवाणाही आहे. तो अज्ञानी, लोभी, दारूच्या नादी लागलेला आहे. त्याच्या धंद्यात भाबडेपणा किती आणि चलाखी किती हे लेखक मुद्दाम ठरवू देत नाही. पडद्यावरच्या हार्बर्टवर प्रेक्षक प्रेम करतो. पडद्यावर दोन तास एखादा चेहरा जवळून पाहिला की त्याच्याविषयी माया उत्पन्न होणे हा या माध्यमाचा जवळजवळ भौतिक नियमच आहे, आणि चांगला नट तो नियम मोडण्याऐवजी दृढ करतो. 'हार्बर्ट' हा उत्तम चित्रपट आहे. पण त्याने अनायकाला शोकनायकाच्या फार जवळ नेले.

'कांगाल मालसाट'मध्ये हा मार्ग बंदच होता. ही कादंबरी २००३ साली ग्रंथरूपाने आली. शीर्षकातील 'मालसाट' हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही, कारण नेमका प्रतिशब्द आपल्याकडे आहे : शड्डू. मल्ल मांडीवर किंवा दंडावर थाप मारून जे आव्हान देतो ते. कंगालांनी ठोकलेला शड्डू असा त्या शीर्षकाचा अर्थ. येथे फ्याताडूंशी 'चोक्तार' नावाचे तांत्रिक हातमिळवणी करतात. भदी हा चोक्तारांचा म्होरक्या, बेचामणी त्याची बायको. दंडबायस नावाचा पुराणपुरुष कावळा सल्ला देतो. तो सुकुमार राय यांच्या 'हजबरल'मधील हिशेबनीस कावळ्याचा दूरचा नातलग वाटतो. अठराव्या शतकातील कलकत्त्याची खरीखुरी रहिवासी बेगम जॉन्सन, जिची कबर सेंट जॉन्स चर्चच्या आवारात आहे, भूत होऊन वावरते. तबकड्या उडतात, एका तबकडीने पोलीस आयुक्ताचे मुंडके धडावेगळे होते आणि तरीही तो मरत नाही. सारी फौज ज्याच्याविरुद्ध शड्डू ठोकते ते राज्य म्हणजे १९७७ पासून अखंड सत्तेवर असलेले डाव्या आघाडीचे सरकार. युद्धाचा शेवट विजयात होत नाही, तडजोडीत होतो. नबारुण स्वतः डाव्या विचारांचे होते, म्हणूनच या चढाईला धार आहे. परक्याने केलेली टीका आणि घरच्याने ठोकलेला शड्डू यांचा आवाज वेगळा येतो.

येथे कुठल्याच पात्राला चेहरा जवळून पाहू देण्याइतका अवकाश नाही. मुखोपाध्याय यांनी ही कादंबरी आधी रंगभूमीवर आणली होती. चित्रपटात त्यांनी सोंगे, गाणी, जुनी छायाचित्रे, बातम्यांचे तुकडे असा सगळा बाजार मांडला. भदीची भूमिका कौशिक गांगुली या दिग्दर्शक-नटाने केली, बेचामणीची कमलिका बॅनर्जी यांनी. दंडबायस झाले गायक कबीर सुमन. ही निवड पुन्हा सूचक आहे. १९९२च्या 'तोमाके चाइ'पासून सुमन यांचा आवाज म्हणजे कलकत्त्याच्या मध्यमवर्गाचा असंतुष्ट आवाज होता. आणि चित्रपट बनत असताना ते सत्तारूढ पक्षाचे जादवपूरचे खासदार असूनही त्या पक्षाशी उघड भांडत होते. प्रेक्षकाला हे सर्व ठाऊक होते. नटाचे सार्वजनिक आयुष्य येथेही निवेदकाच्या कामी आले.

आता मुख्य अडचणीकडे वळावे लागेल. कादंबरी २००३ची, चित्रपट २०१३चा. मधल्या काळात सिंगूर आणि नंदीग्राम घडले, आणि २०११ साली चौतीस वर्षांची डावी सत्ता संपून ममता बॅनर्जींचे सरकार आले. ज्या राज्याविरुद्ध शड्डू ठोकला होता ते राज्य आखाड्यातून निघून गेले. अशा वेळी रूपांतरकारापुढे दोन पर्याय उरतात. मूळ संहितेला प्रामाणिक राहून गेलेल्या राज्यावर कचरा टाकायचा, किंवा शत्रू बदलायचा. पहिला पर्याय वाङ्मयीन निष्ठेच्या दृष्टीने निर्दोष दिसतो. प्रत्यक्षात त्याने काय झाले असते? पडलेल्या सत्तेवर घाण फेकणारे फ्याताडू हे नव्या सत्तेचे भाट ठरले असते. संहितेतला प्रत्येक शब्द शाबूत आणि व्यक्तिरेखा मात्र मेलेली.

अनायकाची व्यक्तिरेखा त्याच्या दातांत, पोटात किंवा शिव्यांत नसते. या खुणा झाल्या. त्या त्या क्षणी जी सत्ता चालू आहे तिच्याशी त्याचे जे वाकडे असते, त्यात ती असते. हे वाकडेपण टिकवायचे तर कथानक बदलणे भाग आहे. मुखोपाध्याय यांनी ते बदलले. चित्रपटाच्या उत्तरार्धात सत्तांतर येते, २०११च्या शपथविधीची दूरचित्रवाणीवरील दृश्ये येतात, आणि कालच्या बंडखोरांना नव्या व्यवस्थेत सामावून घेण्याचा प्रश्न उभा राहतो.

या बदलाचा परिणाम लगेच दिसला. २०१३च्या फेब्रुवारीत चित्रपट परीक्षण मंडळाच्या कलकत्ता कार्यालयाकडून प्रमाणपत्र नाकारले गेले. शपथविधीचे दृश्य ज्या रीतीने आले आहे ते, सिंगूरच्या आंदोलनाचा उल्लेख, स्टालिनचे चित्रण आणि शिवराळ भाषा, असे आक्षेप होते. प्रकरण अपील न्यायाधिकरणाकडे गेले, काही फेरफारांनंतर मार्ग मोकळा झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चित्रपट प्रदर्शित झाला. (ते न्यायाधिकरण २०२१ मध्ये रद्द करण्यात आले, आज अशा दिग्दर्शकाला थेट उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते.) स्टालिनविषयीची हळवी काळजी आणि नव्या मुख्यमंत्र्यांविषयीची हळवी काळजी एकाच आक्षेपपत्रात शेजारी शेजारी बसावी, हा प्रसंग नबारुण यांनीच लिहिल्यासारखा आहे.

मराठी वाचकाला येथे 'सखाराम बाइंडर' आठवल्यावाचून राहणार नाही. तेंडुलकरांचे हे नाटक १९७२चे; परिनिरीक्षण मंडळाशी झालेला झगडा कमलाकर सारंग यांनी न्यायालयापर्यंत नेला आणि पुढे 'बाइंडरचे दिवस' या पुस्तकात नोंदला. सखाराम हाही अनायक. निळू फुले यांनी त्याला दिलेला देह मराठी रंगभूमी विसरलेली नाही. पण दोन प्रकरणांत फरक आहे. सखारामवरील आक्षेप त्याच्या खासगी आयुष्यावर, त्याच्या भाषेवर आणि विवाहसंस्थेच्या अवमानावर होता. कुणी मंत्री त्या घरात येत नाही. म्हणून ते नाटक पुन्हा कोणत्याही दशकात, संहितेला हात न लावता, करता येते आणि केले जाते. फ्याताडूंना ती सोय नाही. त्यांना प्रत्येक वेळी वर्तमानपत्र वाचूनच उडावे लागते.

जगातील चित्रकथांची चित्रपटरूपे या दृष्टीने तपासली असता दोन उदाहरणे विशेष उद्बोधक वाटतात. 'डेडपूल' हे अमेरिकन चित्रकथेतील पात्र १९९१चे. बडबड हाच त्याचा स्वभाव. २००९ सालच्या 'वुल्व्हरिन'वरील चित्रपटात निर्मात्यांनी त्याला पडद्यावर आणले आणि अखेरीस त्याचे तोंड शिवून टाकले. वाचक खवळले. २०१६च्या स्वतंत्र चित्रपटात त्याला वाचा परत मिळाली, प्रेक्षकाशी थेट बोलण्याची मुभा मिळाली, आणि पात्र जिवंत झाले. शस्त्र, पोशाख, शक्ती राखून अनायकाची जीभ काढून घेतली तर काहीच उरत नाही, याचा इतका उघड पुरावा दुसरा नसेल. 'कांगाल मालसाट'मधील शिव्या गाळण्याचा आग्रह धरणाऱ्यांना हे उदाहरण दाखवण्यासारखे आहे.

दुसरे उदाहरण 'व्ही फॉर व्हेंडेटा'चे. अॅलन मूर व डेव्हिड लॉइड यांची ही चित्रकथा १९८२ मध्ये, थॅचर यांच्या इंग्लंडमध्ये, सुरू झाली; तिचा मुखवटाधारी मध्यपुरुष अराज्यवादी आहे आणि वाचकाने त्याला वीर म्हणावे की खुनी, हे मूर ठरवू देत नाहीत. २००५च्या चित्रपटाने शत्रू बदलला : दहशतवादविरोधी युद्धाच्या काळातील शासन समोर आणले. म्हणजे वरवर पाहता मुखोपाध्याय यांनी केले तेच. पण तेथे अनायकही बदलला; तो रसिक, प्रेमळ, स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता झाला. अराज्यवाद गेला, उदारमतवाद आला. मूर यांनी आपले नाव चित्रपटावरून काढून घ्यायला लावले. पुढे तो मुखवटा जगभरच्या निदर्शनांत दिसू लागला, आणि अधिकृत मुखवट्याच्या प्रत्येक विक्रीमागे स्वामित्वधन एका बड्या चित्रपट कंपनीला मिळत राहिले. शत्रू बदलणे पुरेसे नाही, एवढे यावरून दिसते. अनायक प्रेक्षकाच्या सोयीचा झाला की तो विकाऊ होतो.

मुखोपाध्याय यांचे फ्याताडू सोयीचे झाले नाहीत. ती 'हार्बर्ट'मधली माया येथे उत्पन्न होत नाही, आणि ते बरे झाले. मात्र दुसरीच एक त्रुटी उरली. समकालीन घटनांचे संदर्भ इतके दाट झाले की चित्रपट जागोजागी राजकीय व्यंगचित्रासारखा वाचावा लागतो : हा प्रसंग कशाविषयी, ते वाक्य कुणाला उद्देशून. कादंबरीतला निरर्थकाचा आनंद, ज्यात कावळा, भूत, मुंडके नसलेला आयुक्त यांचा कशाशीही संबंध न लावता हसता येते, तो पातळ झाला. ज्या प्रेक्षकाला २०११चे कलकत्ता ठाऊक नाही त्याच्यापर्यंत चित्रपटाचा निम्मा शड्डू पोहोचत नाही. वर्तमानपत्र वाचून उडण्याची ही किंमत आहे, आणि ती टाळता आली असती असे वाटत नाही.

उरतो तो उडण्याचा साधा, तांत्रिक प्रश्न. चित्रपटात माणूस उडवायचा तर पैसा लागतो. थोड्या पैशात उडवला तर तारा दिसतात, कडा फाटतात. हॉलिवूडचा उडता वीर सफाईने उडतो, कारण त्याची सफाई हीच त्याच्या मागच्या भांडवलाची जाहिरात असते. मर्यादित खर्चातल्या बंगाली चित्रपटाचे फ्याताडू तसे उडत नाहीत, आणि काही समीक्षकांना ही उणीव वाटणे स्वाभाविक आहे. पण खिशात खोटे दात ठेवणारा मदन सफाईने उडाला असता तर ते अधिक खोटे ठरले असते. ओबडधोबड उड्डाण त्याच्या अंगाला शोभते.

याच सुमारास जादवपूर विद्यापीठात चित्रपटाचे अध्यापन करणाऱ्या मधुजा मुखर्जी यांनी 'कांगाल मालसाट'ला चित्रकथेचे रूप दिले. कागदावर उडण्याला चालण्याइतकाच खर्च येतो. शाई तेवढीच लागते. शिवाय दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत पात्र जमिनीवरून आकाशात कसे गेले हे वाचकाने स्वतःच भरून काढायचे असते. मराठीत उलट दिशेचा अनुभव आहे. चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ पासून दैनिकाच्या पानावर तीन-चार चौकटींत खोड्या करीत आला. श्रीरंग गोडबोले यांनी २०१२ व २०१३ मध्ये त्याचे दोन चित्रपट केले. चौकटीतल्या चिंटूला रोज एक खोडी पुरते आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी असते. दोन तासांच्या पटाला मात्र कथानक हवे, संकट हवे, खलनायक हवा. आणि खलनायक आला की खोडकर मुलाला नाइलाजाने शूर व्हावे लागते. चिंटूसारख्या निरागस पात्राचे त्याने फार बिघडत नाही. फ्याताडूंना मात्र शूर होणे परवडणारे नाही, आणि म्हणूनच मुखर्जी यांची चित्रकथा व मुखोपाध्याय यांचा चित्रपट ही दोन्ही रूपे एकत्र ठेवून वाचणारा अभ्यासक बंगालीत अजून हवा आहे. मराठीत तर त्याआधी मूळ कादंबरीचा अनुवाद करू धजणारा कुणी हवा; त्याला साधुभाषेचा डौल उतरवण्यासाठी बखरीकडे जावे लागेल, आणि शिव्यांसाठी कुठे जायचे ते त्याचे त्यानेच ठरवावे.